थोरल्या अण्णांचा दगड

ता. ३ फेब्रुवारी १९३७, बुधवार

आज निपाणीहून आलेले सामान: गूळ एक रुपया चार आणे; चणाडाळ दहा आणे; खोबरे सहा आणे; वेलदोडे तीन आणे. एकूण दोन रुपये सात आणे. तूप घरचे, केळीची पाने मळ्यातली. एवढ्यात संकेश्वरची पाचही माणसे पोटभर पुरणपोळी जेवली. उरलेल्या चार पोळ्या दिवस मावळायच्या आत गड्यांना वाटून टाकल्या.

शालन पसंत पडली. मुलाचे वडील सातगोंडाप्पा मोकळे गृहस्थ आहेत. हात धुताना म्हणाले, "पोरगी पसंत हाय वैनी, पोळी बी पसंत हाय. आता काय बोलायचं ऱ्हायलंय?" मला वाटले, झालेच.

पण निघताना सडकेकडेच्या आमच्या विहिरीपाशी त्यांनी गाडी थांबवली. मी आणि शालन दारात उभ्या होतो, सगळे ऐकू येत होते.

"विहीर कुणाची वो?"

हे म्हणाले, "आमचीच. माझ्या आज्यानं बांधली. शहात्तर-सत्त्याहत्तरच्या दुष्काळात."

"आणि दगड?"

"कसला दगड?"

"नावाचा! आमच्या आज्यानं धर्मशाळा बांधली, तर सडकेला दगड हाय. सर्व्हिस मोटार थांबती, साहेब लोक उतरून वाचत्यात. तुमच्यात नुसतं तोंडानं सांगायचं व्हय?" मग त्यांचे लक्ष विहिरीशेजारच्या तेल लावलेल्या जुन्या दगडाकडे गेले. "आणि ह्यो काळा कोण?"

"असाच हाय. कामकरी माणसं तेल घालत्यात."

"म्हंजे गड्याचा दगड हाय आणि मालकाचा न्हाय! बरं घर हुडकलं की मी!" सगळे हसले. हेही हसले, पण कान लाल झाले होते.

गाडीत बसल्यावर सातगोंडाप्पांनी स्पष्टच सांगितले. चैत्रात दगड उभा करा, मी येतो, त्याच्यासमोर याद्या करू आणि अक्षय तृतीयेला लग्न लावू. दुष्काळातला कोणी जुना माणूस साक्षीला असला तर सोन्याहून पिवळे. दगड नसेल तर काय, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. शालनला सतरावे संपत आले आहे. आधीची दोन स्थळे बोलणी होऊन मोडली.

ता. ५ फेब्रुवारी

बेळगावच्या पाथरवटाचे उत्तर आले. पॉलिश केलेला नवा दगड, अक्षरांसह, बेचाळीस रुपये. गाडीभाडे वेगळे. तेवढ्यात तोळ्याहून जास्त सोने येते. मी यांना म्हटले, दगडाला सोने लागत असेल तर अंगाला दगड घालावे लागतील. 

संध्याकाळी पाणी गाळत होते. गाळून झाले की फडक्यात अडकलेले बारीक जीव मी कडीच्या तांब्यात उतरवते, तांब्या दोरीने थेट पाण्याला टेकवते आणि तिथे हलकेच उपडा करते. पुष्कळ घरांत आता कंटाळा करतात, काठावरूनच ओतून देतात. एवढ्या उंचावरून पडल्यावर ते जीव वाचतात होय? सासरी आल्या दिवसापासून माझा हा नेम एकदाही चुकलेला नाही.

तांब्या वर ओढताना समोर तो काळा दगड दिसला. छातीएवढा उंच, एकसंध. पुढून कोरलेला आहे: वर चंद्रसूर्य, खाली कुदळ घेतलेला माणूस. पण पाठ अगदी कोरी. माझे वडील मास्तर होते. कागदाची एक बाजू भरली की पाठीवर लिहायचे, ही सवय त्यांनीच लावली. मॅट्रिकचा सगळा अभ्यास मी पाठकोऱ्या कागदांवर केला.

रात्री यांना सांगितले. दगड उलटा करायचा आणि पाठीवर अक्षरे कोरायची. मजुरी तेवढी लागेल.

 हे म्हणाले, "तू मॅट्रिक झालीस ते वाया न्हाय गेलं."

ता. ९ फेब्रुवारी

त्या दगडाला तेल घालते ती बाळाबाई. सडकेपलीकडच्या खोपटात एकटी राहते, आमच्याच तंबाखूवर मजुरीला असते. सत्तरीला आली असेल. दोन्ही डोळ्यांत मोती पडला आहे, माणूस आवाजावरून ओळखते. दुष्काळातले या बाजूला तेवढे एकच माणूस जिवंत आहे, म्हणून गुळाचा खडा घेऊन मुद्दाम गेले.

ती विहिरीतच होती. रोज उजाडायच्या आधी एकदा आणि कधी दुपारी, भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्यांवरून खाली उतरते आणि भिंतीला कान लावून बसते. लोक वेडी म्हणतात. मी हाक मारली तशी वर आली.

"बाळाबाई, यांच्या आजोबांना, थोरल्या अण्णांना तू पाहिलेस ना? कुंथुनाथ अण्णांना?"

"बगितलं की आक्कासाब. पांढरा पटका. छत्री धरायला येगळा मानूस."

"दुष्काळात त्यांनी लोकांना धान्य दिले."

"व्हय. दिसभर खांदलं की मूठभर जोंधळा. माजा बा खांदायचा, आई पाट्या वडायची." तिने गुळाचा खडा पदराला बांधला, खाल्ला नाही. दगडावर हात ठेवून म्हणाली, "पयली विहीर हितं, ह्या दगडाखाली खांदत हुते. बा तळाला हुता आन् बाजू ढासळली. समदी माती अंगावर. आतनं हाक यायला लागली. 'बाळे, बाळे' म्हनून. मला."

"मग?"

"मग थोरलं अण्णा आलं. वाकून बगितलं. म्हनलं, ह्येला काडाय चार दिस जातील, चार दिसाचा जोंधळा कुनी द्यायचा? भरून घ्या आन् पलीकडं खांदा."

"अगं, पण तो वारलेला असणार."

"हाक येत हुती की. माती वतत हुते तवा बी येत हुती." तिचा आवाज जराही बदलला नाही, बाजारभाव सांगावा तसे सांगत होती. "आईनं बी पाटी वतली. न्हाय वतली तर त्या दिसाचा जोंधळा न्हाय. मी धाकट्या भावाला कडंवर घिऊन हुबी हुते. फुडच्या साली खांदनाऱ्यांनी पैसा पैसा घालून ह्यो दगड हुबा क्येला."

मी विचारले, मग रोज खाली जाऊन काय ऐकतेस?

"ऐकाय कुटलं येतंय आता! सांगाय जाते. पाऊस आला, न्हाय आला. भाऊ गेला. जोंधळा म्हाग झाला. त्येला कोन सांगनार हितलं?"

घरी येईपर्यंत माझे मन फार अस्वस्थ होते, ते लिहून ठेवते. मग सामायिकाला बसले, णमोकार म्हटला, आणि नीट विचार केला. सात-आठ वर्षांचे पोर, पोटात अन्न नाही. अशा वेळी कानांत काहीही वाजते. थोरले अण्णा अष्टमी-चतुर्दशीला निर्जळी करीत, वाटेत मुंग्या दिसल्या तर वळसा घालून जात. असा माणूस असे बोलेल?

एक गोष्ट मात्र चांगली झाली. जोंधळा दिला हे तिने आपल्या तोंडाने सांगितले. म्हणजे अन्नदान झालेच.

ता. १० फेब्रुवारी

बाळाबाईची हकिगत यांना सांगितली. यांनी पहिल्यांदा एवढेच विचारले, "आणि कुणाला बोललीस?"

कोणालाच नाही म्हटले.

"नगं बोलूस. सातगोंडाप्पाला कळलं की विहिरीला लागून मढं हाय, तर ह्या घरात पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाय त्यो. पोरीचं काय करशील?"

खरी गोष्ट आहे. मग हेच आपणहून म्हणाले की आजोबांनी शेवटची दहा-बारा वर्षे या विहिरीचे पाणी कधी तोंडात घेतले नाही. घोड्यावरून लांबच्या ओढ्याचे पाणी आणवत. विहिरीकडची खिडकीही त्यांनी विटा लावून बुजवून घेतली होती. स्वतः बांधलेल्या विहिरीचा एवढा त्याग! अशी माणसे आता होणे नाही. हा त्याग दगडावर लिहायला हवा होता, पण कोरायला ठरवलेला भावकू वडार कोरणावळ अक्षरावर घेणार आहे, दर अक्षराला एक आणा.

ता. १८ फेब्रुवारी

मजकूर तयार केला. 'लोककल्याणार्थ' आणि 'धर्मपरायण' काढून टाकले. राहिले ते असे: श्री कुंथुनाथ अण्णा यांनी सन १८७७ च्या दुष्काळात अन्नदान करून ही विहीर बांधली.

यांना 'अन्नदान' जरा जास्त वाटले. मी म्हटले, चारच अक्षरे आहेत.

ता. २ मार्च

बाळाबाई साक्षीला तयार झाली. तिच्यासाठी लुगडे आणले, अडीच रुपये. तिने बोटांनी पोत पाहिला.

"काठ कंचा हाय आक्कासाब?"

"हिरवा." निळ्या काठाचे चार आण्यांनी महाग होते.

"मला चारचौघांत बोलाय येत न्हाय बगा."

"एकच वाक्य आहे. थोरल्या अण्णांनी दुष्काळात आम्हाला जगवले."

ती ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत बसली. "जगवलं... मी जगले, त्ये खरं हाय."

"मग झाले तर."

"आन् माजा बा? मालक नवा दगड बशिवनार म्हनत्यात. माज्या बाचा दगड काडून टाकनार न्हाईसा न्हवं? लुगडं नगं मला, पर दगड नगा हलवू."

"तुझ्या बापाचा दगड तिथून कुठेही जाणार नाही, बाळाबाई. माझा शब्द आहे."

ती वाकून माझ्या पायांना हात लावायला लागली. मी मागे सरकले, अंघोळ झाली होती.

सत्याचे अणुव्रत मी घेतलेले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. मी खोटे बोललेले नाही. दगड तिथेच राहणार आहे.

काम चालू असताना ती इथे नको, असे हे म्हणाले. तिला उद्या गाडीतून निपाणीच्या वखारीवर पाठवायचे. तंबाखूची पाने हाताने चाचपून निवडता येतात, डोळे लागत नाहीत. तेवढीच तिलाही मजुरी.

ता. ३ मार्च

निघायच्या आधी ती विहिरीत उतरून बापाला सांगून आली. मी वरून पाहत होते. आंधळे माणूस पाय चाचपत उतरेल असे कोणालाही वाटावे. पण ही थेट उतरते, आपल्या घरचा जिना असावा तशी. साठ वर्षांची सवय.

ता. १९ मार्च

भावकूने आज दगड उपटला. आधी कुरकुर केली.

"आक्का, ह्यो आमच्यातलाच दिसतोय. कुदळ बगा की हातात."

"मग तुझ्या हाताने होते आहे ते चांगलेच. परक्याचा हात लागला नाही."

"तोंड मातीत घालायचं व्हय पर?"

"पाठीवर अक्षरे यायची तर तोंड दुसरीकडे कसे करणार? तूच सांग."

त्याच्या घरी चार पोरे आहेत, वडारकाम मंद आहे. दगडाच्या पाया पडला आणि पहार लावली. पाठ घासल्यावर सुरेख निघाली. तोंडाच्या बाजूने चौथऱ्याची भिंत घेणार म्हणजे दगड हलणार नाही आणि कोणाच्या नजरेलाही येणार नाही.

ता. २८ मार्च

चौथऱ्याला लांब घडीव दगड हवेत. खाणीवरचा भाव अकरा रुपये.  लग्नाचा खर्च अजून पुढेच आहे.

आज पाणी गाळताना लक्षात आले. विहिरीला यांनी नवा रहाट बसवला आहे. आता खाली उतरायचे कोणाला कारण नाही. उलट पायांची घाण पाण्यात जाते, ते गाळूनही जात नाही. त्या पायऱ्या म्हणजे एकेक हातभर रुंद, घडीव, उत्तम दगड. भावकूने मधल्या सगळ्या काढून दिल्या. चौथरा पुरा झाला, वर एक दगड उरला, तो न्हाणीला लावला. वरच्या चार पायऱ्या कठड्यात गुंतल्या आहेत, ओढल्या तर कठडा जाईल, म्हणून त्या तशाच ठेवल्या.

भावकू म्हणाला, "तोंडाला काटं टाका आक्का. कुनीतरी उतरंल."

बाभळीचे काटे तोडून आणायला गड्याचा अर्धा दिवस जातो, आणि तंबाखूचा ऐन मोसम आहे. लग्नानंतर बघू.

ता. ६ एप्रिल

शालन आठ दिवस विहिरीचे पाणी पीत नाही. शेजारच्या मळ्यातून कळशी आणते. विचारले तर म्हणाली, "आई, ते पाणी त्याच्या अंगातून झिरपून येतं."

म्हणजे बाळाबाईने हिच्याही कानात भरवले आहे. केव्हा, कोण जाणे.

मी म्हटले, "अगं, मी दुहेरी फडक्यातून गाळते."

"गाळून काय जातं, आई?"

लग्न जवळ आले की मुली अशाच वागतात. मीही माहेर सोडताना दोन दिवस जेवले नव्हते.

ता. २४ एप्रिल, शनिवार

सर्व मनासारखे पार पडले. थकले आहे, तरी लिहिते.

सातगोंडाप्पा चार गाड्या घेऊन आले. दगडाला चुना दिला होता, अक्षरांत काजळी भरली होती, वर झेंडूची माळ. अगदी नव्यासारखा दिसत होता. त्याच वेळी बेळगावची सर्व्हिस मोटार पाणी भरायला थांबली आणि एका हॅटवाल्याने उतरून मजकूर मोठ्याने वाचला. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बाळाबाईला वखारीवरून गाडीत घालून आणले. नवे लुगडे नेसली होती. तंबाखूचा वास मात्र गेला नव्हता. यांनी तिला दगडाशेजारी उभे केले.

सातगोंडाप्पा म्हणाले, "सांग आजे, काय बगितलंस तू?"

  शालनही पुढे आली होती. मग बाळाबाई पाठ केलेले वाक्य जसेच्या तसे म्हणाली, "थोरल्या अण्णांनी दुष्काळात आमास्नी जगवलं."

टाळ्या वाजल्या. सातगोंडाप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. लोक गुळपाण्याकडे वळले तशी तिने मला पदराला धरून जवळ ओढले.

"बोलले मी. आता माजा बा कुटं हाय?"

"तिथेच आहे. मी शब्द दिला होता ना?"

तिने हात लांब केला. दगडाला लागला. आधी सावकाश फिरवला, अक्षरांवरून. मग हात कडेने वर गेला आणि वरच्या कोपऱ्यावर थांबला. तिथे एक जुना टवका उडालेला आहे, तो भावकूने बुजवायला हवा होता. तिने दुसऱ्या हाताने मागची बाजू शोधली, पण मागे चौथऱ्याची भिंत, बोट जायलाही फट नाही.

"उलटा घातला व्हय ह्येला?"

मी हळू आवाजात समजूत काढली. "बाळाबाई, तोंड सावलीत आहे, पाठ उन्हात. म्हाताऱ्या माणसाला बरेच की."

ती ओरडेल की काय अशी मला भीती होती. पण नाही. दगडाला दोन्ही हात घालून, गाल लावून उभी राहिली. "दुसऱ्यांदा झालं ह्ये," एवढेच म्हणाली. कशाबद्दल ते कळले नाही. तंबाखूत राहून या लोकांची डोकी फिरतात.

सातगोंडाप्पांनी लांबून पाहिले आणि सगळ्यांना दाखवले. "बगा वो, गरीब माणूस दगडाला कसं बिलगलंय! आमच्या आज्याच्या दगडाला कुत्रं बी बिलगत न्हाय! आणा कागद, याद्या आत्ताच्या आत्ता करू."

याद्या झाल्या. लग्न वैशाखात, अक्षय तृतीयेला. गुळपाण्याचा खर्च तीन रुपये, पण आज मनाला लागला नाही.

ता. २५ एप्रिल

हे बेळगावला गेले. खडेबाजारात कापड आणि दागिने घ्यायचे आहेत, चार-पाच दिवस लागतील.

दगडावरचा चुना मधूनमधून पिवळा पडतो आहे. साठ वर्षांचे तेल आत मुरलेले, उन्हाने वर येते. आज 'अन्नदान'वर बशीएवढा डाग आला. भावकूला बोलावले तर आला नाही. मीच पुन्हा चुना फिरवला.

बाळाबाई दिवसभर दिसली नाही. खोपटात पडून आहे म्हणतात. शालन तिला पेज घेऊन गेली होती, मी अडवले नाही. आल्यावर ती माझ्याशी बोलली नाही.

ता. २७ एप्रिल

यांना बेळगावी पाठवलेल्या पत्राची नक्कल:

जयजिनेंद्र. चरणी कमलाचा नमस्कार, विशेष विनंती.

इकडे सर्व क्षेम आहे, पण एक अडचण उभी राहिली ती कळवते. आज पहाटे बाळाबाई विहिरीत पडून वारली. बापाला काही सांगायला उतरली असावी. आवाज झाला तो मी ऐकला, पण रहाटाची बादली सुटली असे वाटले. उजाडल्यावर गड्याने पाहिले.

पोलीस पाटील येऊन गेला. त्याने पाय घसरून असे लिहिले, मी काही जास्त बोलले नाही. भावकूने दोर लावून तिला बाहेर काढले. त्याला बारा आणे दिले. ते त्याने घेतले नाहीत, चौथऱ्यावर ठेवून गेला, ते मी परत जमा धरले. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "पायरी न्हवती, आक्का." मी म्हटले, माणसाने बघून चालावे. शालनने विचारले, पायऱ्या काढल्याचे तिला कोणी सांगितले होते का? मी म्हटले, साऱ्या गावाला ठाऊक होते, आणि वरच्या चार पायऱ्या होत्याच की. शालनने कालपासून अन्न घेतलेले नाही. लग्नाआधी उपास धरला असेल तर चांगलेच आहे, पण चेहरा उतरलेला दिसेल, म्हणून संकेश्वरच्या मंडळींना इतक्यात येऊ देऊ नये.

आपण दिलेले लुगडे दगडापुढे घडी करून ठेवलेले सापडले. डाग पडलेला नाही. कोणा गरजूला देता येईल.

आता मुख्य विचारायचे ते असे. लग्नाचा स्वयंपाक याच विहिरीवर होणार. आत प्रेत पडले, तेव्हा सगळा उपसा केल्याशिवाय ते पाणी सोयऱ्यांना कसे पाजावे? पण उपसा करावा तर पाण्यातले असंख्य बारीक जीव चिखलात तडफडून मरतील, आणि त्यांची हिंसा ऐन लग्नात आपल्या माथी येईल. उत्तर येईपर्यंत मला याच विचाराने झोप येणार नाही. तरी तिथल्या जैन बस्तीत, मंदिरात, जाणत्या पंडितांना विचारावे की पाणी उपसून दुसऱ्या विहिरीत अलगद सोडले तर दोष लागतो का, आणि सोडायचे ते किती उंचीवरून. येताना खडेबाजारातून गाळण्यासाठी दोन हात जाड कापड आणावे, घासाघीस करून घ्यावे.

सातगोंडाप्पांच्या कानावर जायच्या आत हे उरकले पाहिजे. जीवांचा प्रश्न आहे, तरी उलट टपाली कळवावे.